सपच्या वल्ह्यावर हात सरकतो – पकड कशी सुधारायची?

वाघूरकाठी | ३ मार्च, रात्री ९.४२

मंडळी, विषय खान्देशाला न शोभणारा आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

डिसेंबरात गोव्याला गेलो होतो. तिथं तासभर स्टँड-अप पॅडलबोर्डवर उभं राहून वल्हवलं आणि येडाच झालो. सगळे त्याला सप म्हणतात, मीही म्हणतो. घरी आल्यावर हवा भरायचा साडेदहा फुटी बोर्ड मागवला, सोबत तीन तुकड्यांचं ॲल्युमिनियमचं वल्हं आलं. जळगावात समुद्र नाही, पण वाघूर धरण आहे. पाटबंधारेच्या चौकीवर विचारून, भिंतीपासून चांगलं लांब, बॅकवॉटरच्या एका कोपऱ्यात शनिवार-रविवार सकाळी सहाला उतरतो. लाइफ जॅकेट आणि लीश (बोर्ड पायाला बांधून ठेवणारा दोर) कायम असतात, तेवढ्यावरून कुणी झोडपू नका.

आता रडगाणं. पंधरा मिनिटं झाली की खालचा हात दांड्यावरून सरकायला लागतो. सरकतो म्हणून मी घट्ट धरतो, घट्ट धरलं की कोपरापासून मनगटापर्यंत हात दगडासारखा होतो. अर्ध्या तासानंतर अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात फोड. मागच्या रविवारी घरी येऊन चहाचा कप धरला तर हात थरथरत होता, बायको म्हणाली, "भांग प्यायलात का?" वरच्या हाताला एवढा त्रास नाही, पण वल्ह्याची मूठ मध्येच फिरल्यासारखी वाटते आणि पातं तिरकं पडतं.

माहितीसाठी: उंची ५ फूट ८ इंच, वय ४१, दिवसभर संगणकावर बोटं बडवायची नोकरी. वल्हं ६ फूट १० इंचांवर लावलंय. ऊन आत्ताच भाजायला लागलंय, त्यामुळे सनस्क्रीन थापूनच उतरतो. वल्हं घरच्या काट्यावर ९८० ग्रॅम भरलं.

ऑनलाइन बघितलं तर कुणी मेण लावा म्हणतं, कुणी टेप गुंडाळा, कुणी हातमोजे घाला. एका दुकानात विचारलं तर "सर, तुमची ग्रीप वीक आहे, हा हॅण्ड ग्रिपर घ्या" म्हणून स्प्रिंगचा चिमटा हातात दिला. ३५० रुपये गेले, हात अजून सरकतोच आहे.

दोन फोटो टाकलेत, मुलीनं काठावरून काढलेले. काय करू सांगा.

आहिराणी_माणूस | ३ मार्च, रात्री १०.०५

भाऊ, तू वल्हं धरस का कुऱ्हाड? इतलं दाबीसन धरस ते हात दुखतीनच!

बाकी धागा लई भारी. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

भुसावळ_जंक्शन | ३ मार्च, रात्री १०.३१

सोपा उपाय. क्रिकेट बॅटची रबरी ग्रीप आणा, खेळाच्या दुकानात मिळते. वल्ह्याचा मधला तुकडा सुटा करा आणि मोकळ्या टोकाकडून ग्रीप चढवा. दुकानदाराकडे शंकूसारखं लाकडी साधन असतं, त्यावर ताणून दोन मिनिटांत बसवून देतो. ते नसेल तर दांड्याला साबणाचं पाणी लावून सरकवायची आणि रात्रभर वाळू द्यायची.

फक्त जोडाचं बटण ग्रीपखाली झाकू नका, नाहीतर वल्हं सुटायचंच नाही. आणि वरचा बारीक तुकडा लांबी कमी-जास्त करायला आत सरकतो, त्याच्यावर काही गुंडाळलंत तर लांबी कायमची ठरली म्हणून समजा.

मी सप केलेलं नाही, पण बॅटी आयुष्यभर बांधल्यात.

मालवणी_लाट | ४ मार्च, सकाळी ७.१२

गेली सहा-सात वर्षं खाडीत आणि समुद्रात सप करतो. ग्रीप चढवण्याआधी थांबा.

"सरकतं" या एका शब्दात तीन वेगळे आजार आहेत. एक, हात दांड्यावरून वर-खाली घसरतो. दोन, दांडा हातातल्या हातात गोल फिरतो. तीन, हात जागेवर असतो पण वल्हंच स्वतःच्या सांध्यात फिरतं. तुमच्या लिहिण्यात मला तिन्ही दिसतायत, म्हणून एका टेपनं भागणार नाही.

तिसऱ्यापासून सुरू करा, कारण तो फुकटात बरा होतो. वल्हं जोडा, क्लॅम्प आवळा आणि सांध्यावर दोन्ही तुकड्यांवरून आरपार जाईल अशी मार्करची एक उभी रेघ मारा. वीस मिनिटं वल्हवून काठावर या. रेघ तुटून बाजूला सरकली असेल तर हात निर्दोष, क्लॅम्प ढिला. स्क्रू आवळायचा, आणि आत वाळू-गाळ असेल तर आधी धुवायचा.

आता राग मानू नका. दुसऱ्या फोटोत तुमचं पातं उलटं आहे. सपच्या वल्ह्याचं पातं दांड्याशी साधारण दहा-बारा अंशांचा कोन करतं. तो कल पुढं, बोर्डाच्या नाकाकडं जायला हवा. बघताना वाटतं की पळीसारखं आपल्याकडं वळलेलं असावं, म्हणजे पाणी छान ओढलं जाईल. पण तसं धरलं की ओढ संपताना पातं पाणी वर उचलतं, थरथरतं आणि प्रत्येक झटका मुठीत येतो. नवशिक्यांपैकी निम्मे तरी असंच धरतात, मीही धरायचो.

लांबीही जास्त आहे. सपाट पाण्यात फिरायला उंचीपेक्षा आठ ते दहा इंच पुरे, म्हणजे तुम्हाला साडेसहा फुटांच्या आत. जास्त लांब ठेवलं की वरचा हात दर ओढीला खांद्याच्या वर जातो आणि खालच्या हाताला सगळं सावरावं लागतं.

खालचा हात कुठं? वल्हं डोक्यावर आडवं ठेवा, एक हात मुठीवर, दुसरा दांड्यावर, दोन्ही कोपरं काटकोनात. खालचा हात जिथं आला तिथं इलेक्ट्रिकच्या टेपचा एक वेढा मारा. ती तुमची खूण.

आणि एक प्रश्न. सनस्क्रीन तळहातानंच थापता ना?

वाघूरकाठी | ४ मार्च, सकाळी ९.२०

फोटो बघितला. पातं उलटं आहे. दोन महिने उलटंच.

सनस्क्रीन तळहातानंच. त्याआधी डोक्याला खोबरेल, तेही त्याच हातानं. आत्ता कपाळाला हात मारला, तोही तेलकटच.

शेततळे_रावेर | ४ मार्च, दुपारी १.४८

वाचून मजा आली. आमच्याकडं केळीत काम करताना हाताला चीक लागतो. तो ओला असताना निसरडा आणि वाळला की असा चिकटतो की कोयत्याची मूठ हातातून सुटत नाही. तेव्हा पकड वाढवायची असेल तर या रावेरला, एक घड कापून देतो. कपडे मात्र जुने घाला, चिकाचा डाग मरेपर्यंत जात नाही.

गंमत सोडा. सराव करायचा तर आमच्या शेततळ्यात या की. पाणी स्थिर, वारा कमी, धरणाची कटकट नाही.

नकाणेकर | ४ मार्च, दुपारी २.३०

@शेततळे_रावेर, भाऊ, आमंत्रण प्रेमाचं आहे पण हे हसण्यावारी नेऊ नका. अस्तराचं शेततळं म्हणजे प्लास्टिकचा घसरडा उतार. ओल्या प्लास्टिकवर पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, पाय टिकतच नाही. दरवर्षी पेपरात बातम्या वाचतो आपण. उतरायचंच असेल तर चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर काठावरच्या पक्क्या खुंट्यांना बांधून पाण्यात सोडलेले हवेत, आणि काठावर माणूस हवा. पकडीची चर्चा चाललीच आहे तर ही पकड आधी.

शेततळे_रावेर | ४ मार्च, दुपारी ३.०२

बरोबर आहे दादा. आमच्या तळ्याला दोर दोनच बाजूंना आहेत. आजच बाकीच्या दोन लावतो.

वाघूरकाठी | ९ मार्च, सकाळी ११.१५

काल आणि आज दोन्ही दिवस उतरलो. अहवाल देतो.

रेघेची परीक्षा घेतली. वीस मिनिटांनी बघितलं तर रेघेचे दोन तुकडे, मध्ये चांगला अर्धा सेंटीमीटर फरक. म्हणजे मूठ फिरते असं मला वाटत होतं ते खरंच फिरत होतं! क्लॅम्प उघडला तर आत वाघूरचा चिकट काळा गाळ. धुतला, स्क्रू पाऊण वेढा आवळला. आज चाळीस मिनिटांनी रेघ जागेवर.

पातं सुलट. पहिल्या पाच मिनिटांत फरक. आधी वल्हं पाण्यातून बाहेर येताना फडफडायचं, आता गुपचूप येतं. लांबी ६ फूट ५.

आता चूक सांगतो. भुसावळच्या भाऊंचं ऐकून बॅटची ग्रीप शुक्रवारीच चढवली होती, वर हौसेनं टेनिसच्या रॅकेटची पट्टीही गुंडाळली. हात सरकायचा थांबला, पण अर्ध्या तासात बोटं भरून आली. मग दोरा घेऊन मोजलं. नुसत्या दांड्याचा घेर ९.१ सेंमी, म्हणजे जाडी २९ मिमी. ग्रीप आणि पट्टीसकट घेर १०.७, जाडी ३४ मिमी. माझे हात लहान आहेत, आधी बोटांची टोकं अंगठ्याच्या मुळाला टेकायची, आता मध्ये करंगळी जाईल एवढी फट. दिवसभर वीट धरून ठेवल्यासारखं.

आणि फोड रबरामुळं वाढला. आधी हात सरकायचा, आता कातडी रबराला चिकटते आणि आतलं मांस सरकतं.

पट्टी काढली. ग्रीप ठेवू की काढू?

भुसावळ_जंक्शन | ९ मार्च, सकाळी ११.४०

माझी चूक. बॅटीचा दांडा मुळातच जाड असतो आणि ओव्हरभर धरून ठेवायचा नसतो, हे लक्षातच आलं नाही. काढून टाका. ब्लेडनं उभी चिरून काढू नका, दांड्यावर चरा पडेल. उलटी गुंडाळत काढा, निघते.

धुळ्याची_ताई | ९ मार्च, रात्री ८.५५

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सपचं मला काही कळत नाही, हातांचं कळतं.

आत्ता बसल्या जागी एक करून बघा. मनगट आतल्या बाजूला जेवढं वाकेल तेवढं वाकवा आणि मूठ आवळा. आवळलीच जात नाही ना? आता मनगट सरळ करून अगदी थोडं मागं झुकवा आणि आवळा. ताकद तीच, पण मूठ दुप्पट घट्ट वाटेल. बोटं मिटवणारे स्नायू पुढच्या हातात, कोपराजवळ सुरू होतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांत जातात. मनगट वाकलं की दोरी ढिली पडते. दादांच्या पहिल्या फोटोत खालचं मनगट चांगलंच मुडपलेलं आहे. म्हणजे अर्धी पकड मनगटातच वाया जातेय आणि उरलेल्या अर्ध्यासाठी ते जीव काढतायत.

तो स्प्रिंगचा चिमटा ठेवून द्या कपाटात. दिवसभर टायपिंग, वर वल्हं, वर चिमटा, सगळं मिटवायचंच काम. उघडायचं काम कोण करणार? भाजीच्या जुडीचं रबर पाची बोटांच्या टोकांभोवती घाला आणि बोटं फाकवा. पंधरा-वीस वेळा, दिवसातून दोनदा. ताकद वाढवायचीच असेल तर दोन बादल्यांत निम्मं-निम्मं पाणी भरून अंगणात चाला, खांदे वर न उचलता. गच्चीवर भक्कम पाइप असेल तर वीस सेकंद लोंबकळा, तीन वेळा. यात पहिल्या महिन्यात चमत्कार होत नाही.

आणि हे नीट वाचा. थरथर आणि भरून येणं एका दिवसात गेलं तर थकवा. पण अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल, त्यातही रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर मनगटातली नस दबत असू शकते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर कोपराकडची नस. दोन्हींत टेप-मेणाचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना हात दाखवा. संगणकवाल्यांनी तर नक्कीच.

वाघूरकाठी | ९ मार्च, रात्री ९.३०

ताई, रात्रीच्या मुंग्या नाहीत, सकाळपर्यंत हात ठीक होतो. मनगटाचं करून बघितलं, मग घरात सगळ्यांना करायला लावलं. रबर कोथिंबिरीच्या जुडीचं काढून घेतलंय, त्यावरून वाद चालू आहे.

कोरडा_विहीर | १० मार्च, सकाळी १०.०२

एवढं रामायण कशाला? हातमोजे घाला, विषय संपला. जिमचे अर्ध्या बोटांचे येतात.

मालवणी_लाट | १० मार्च, सकाळी १०.४५

विषय संपत नाही, सुरू होतो. ओला मोजा हातात चुण्या पडतो आणि चुणीखाली पहिला फोड येतो. शिवाय मोज्यानं दांड्याची जाडी वाढतेच, वरची ३४ मिमीची गोष्ट वाचा. उन्हापासून हाताच्या पाठी वाचवायला पातळ मोजे घालतात, ते मी समजू शकतो. पकडीसाठी नाही.

कोरडा_विहीर | १० मार्च, सकाळी १०.५१

मी मोटरसायकलवर घालतो, काही होत नाही.

मालवणी_लाट | १० मार्च, सकाळी १०.५३

मोटरसायकल पाण्यात चालवता का?

आहिराणी_माणूस | १० मार्च, सकाळी ११.००

पॉपकॉर्न लयी बसनू. :)

मालवणी_लाट | १० मार्च, रात्री ९.१८

सकाळी जरा तिरकस बोललो, सोडून द्या. दांड्यावर काय लावायचं याबद्दल सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी धुणं. भांड्यांचा साबण, काथ्या नको, मऊ घासणी. दांडाही आणि तळहातही. सनस्क्रीन घरूनच लावून निघा. उतरायच्या आधी पुन्हा लावायचं असेल तर एका हाताच्या पाठीवर घेऊन दुसऱ्या हाताच्या पाठीनं पसरवा, तळहात कोरडे. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांची "पकड" इथंच सुधारली. जिमची पांढरी पावडर मात्र आणू नका, ती घामासाठी असते, पाण्यात तिचा चिखल होतो.

सर्फिंगचं मेण आमच्याकडं चालतं. थोडंसं, खुणेच्या वर-खाली वीतभर. ते पाण्याच्या तापमानाप्रमाणं वेगवेगळं मिळतं, आपल्याला गरम पाण्याचं कडक मेण लागतं. पण तुमच्या ४४-४५ अंशांत बोर्ड गाडीच्या टपावर आणि वल्हं त्याच्यावर असं आणलंत तर मेण दांड्यावर कमी आणि सीटकव्हरवर जास्त सापडेल.

टेपमध्ये स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप चांगली. तिला गोंद नसतो, ताणून अर्धी-अर्धी एकावर एक घेत एकच थर द्यायचा, जाडी फारशी वाढत नाही. गळाच्या काठीवर बसवतात ती गरम करून आकसणारी खडबडीत नळीही काही जण वापरतात. ॲल्युमिनियमला हरकत नाही, कार्बनच्या दांड्यावर गरम हवा जपून.

आणि कुणाकडं चकचकीत कार्बनचा दांडा असेल तर त्याचा दोष फक्त चकाकी असतो. पेंटरकडं मिळतो तो वॉटर पेपर, चारशे नंबरचा, पाण्यात भिजवून धरायच्या जागेवर हलक्या हातानं फिरवायचा. काच फुंकर मारल्यावर धूसर होते तेवढंच, त्यापुढं एक हातही नाही. धागे दिसायला लागले म्हणजे दांडा खराब केला. ओलाच घासायचा, कार्बनची कोरडी भुकटी फुप्फुसात जायला नको.

शेततळे_रावेर | ११ मार्च, दुपारी १२.२५

दोर लावले, चारी बाजूंना. फोटो नंतर टाकतो.

लाकडाचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या वडिलांनी कुदळीचा, टिकमाचा दांडा कधी रंगवू दिला नाही. व्हार्निशवर हात सोलवटतो म्हणायचे. धरायची जागा काचेच्या तुकड्यानं तासून गुळगुळीत करायची आणि जवसाचं तेल अगदी थोडं, चोळून जिरवायचं. तेल लाकडाच्या आत, हाताला काही लागत नाही. कुणी लाकडी वल्हं घेणार असेल तर धरायच्या जागेवरचं पॉलिश उतरवून हेच करा.

एक मात्र. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, बोळा आपोआप पेट घेतो. फडकं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. उन्हाळ्यात आमच्या शेडमध्ये एकदा धूर निघाला होता, तेव्हापासून अक्कल आली.

भुसावळ_जंक्शन | १६ मार्च, सायंकाळी ६.४०

बॅटच्या ग्रीपचं प्रायश्चित्त म्हणून एक निरीक्षण आणलंय.

आज सकाळी तापीवरच्या हतनूर धरणावर पक्षी बघायला गेलो होतो. थंडीतले पाहुणे बहुतेक परतलेत, पाणीही खाली गेलंय. पावसाळ्यात ४१ दरवाजांतून धो धो सुटणारी तापी ती हीच, हे आत्ता बघून खरं वाटत नाही. काठाशी एक भोई काका जाळं काढून परत येत होते. साठीच्या पुढचे. एकच वल्हं, दांडा अंगठ्याएवढ्या गाठींचा, साध्या लाकडाचा. दुर्बीण पक्ष्यांवरून काढून मी त्यांच्या हातावर लावली.

खालचा हात बघा. वल्हं पाण्यात जाताना चार बोटांचा आकडा, दारावर कडी अडकवावी तसा. अंगठा दांड्यावर टेकलेला आहे, दाबलेला नाही. ओढ घोट्यापर्यंत आली की वल्हं बाहेर. आणि वल्हं हवेतून पुढं जाताना बोटं उघडी! दांडा नुसता अंगठ्याच्या बेचक्यात पडून होता. परत पाण्यात जाताना बोटं मिटली. प्रत्येक ओढीला. मी मोजलं, चाळीस ओढी, चाळीस वेळा हात उघडला.

काठाला आल्यावर बोललो त्यांच्याशी. हात दाखवा म्हटलं. घट्टे होते, पण बोटांच्या मुळाशी एका ओळीत. बेचक्यात काहीच नाही, स्वच्छ कातडी. आमच्या धाग्याबद्दल सांगितलं तर हसले. म्हणाले, "दिवसभर मूठ आवळून बसलो तर संध्याकाळी जाळं कोन ओढीन?"

मालवणी_लाट | १६ मार्च, रात्री ८.०५

एवढं छान मला लिहिता आलं नसतं. हेच सांगायचं राहिलं होतं. सपमध्ये फक्त एक भर: वरचा तळहात मुठीच्या टोकावर ठेवून तिथून खाली दाबायचं, ओढायचं काम कंबर वळवून. खालचा हात आकडा, बस्स. समोरून बघितलं तर वरचा हात खालच्या हाताच्या बरोबर वर, दांडा उभा. पातं पायाच्या बोटांच्या पुढं जितकं जाईल तितकं पुढं, पूर्ण बुडाल्यावरच ओढायचं. अर्ध्या बुडालेल्या पात्यानं ओढलं की झटका बसतो आणि माणूस घाबरून मूठ आवळतो.

धुळ्याची_ताई | १६ मार्च, रात्री ८.३२

भोई काकांना माझा नमस्कार. बोटं उघडतात त्या अर्ध्या सेकंदात पुढच्या हातात रक्त फिरतं. सतत आवळलेल्या स्नायूत ते नीट फिरत नाही, म्हणून तो दगड होतो. आमच्या पुस्तकात यावर चार पानं आहेत, काकांनी फुकटात शिकवलं.

वाघूरकाठी | ६ एप्रिल, सकाळी १०.३०

उशिरा लिहितोय. मधले दोन रविवार मार्चएंडनं खाल्ले.

सध्या दांडा जवळपास उघडा आहे. खुणेच्या जागी सिलिकॉन टेपचा एकच थर, वीतभर. घेर ९.५. निघायच्या आधी साबणानं हात, दांडा आठवड्यातून एकदा. सनस्क्रीन आता मुलगी लावून देते, हाताच्या पाठींना आणि मानेला, त्याचे दहा रुपये घेते.

बोटं उघडायचा सराव मात्र जड गेला. पहिल्या दिवशी वल्हं दोनदा पाण्यात पडलं. ॲल्युमिनियमचं असूनही तरंगतं, पण वारा असेल तर आपल्यापेक्षा वेगानं पळतं. गुडघ्यावर बसून हातानं पाणी मारत पाठलाग केला. काठावर म्हशी धुणारी दोन पोरं होती, त्यांचा रविवार सत्कारणी लागला. मग युक्ती केली: वल्हं पुढं जाताना फक्त शेवटची दोन बोटं उघडायची, करंगळी आणि तिच्या शेजारचं. ती जमली की तिसरं. आता चारही उघडतात, पण मोजत बसावं लागतं. बोलायला लागलो की मूठ आपोआप मिटते. साहेबांचा फोन आला तर काय होईल याचा विचारही नको.

दर आठ-दहा ओढींनंतर बाजू बदलतो. आज पन्नास मिनिटं केलं, शेवटची दहा वाऱ्याविरुद्ध. साडेआठनंतर वारा सुटतो, त्याच्या आत काठाला यायचं हा धडा वेगळा शिकलो. बेचक्यातला फोड गेला, बोटांच्या मुळाशी बारीक घट्टे येतायत. थरथर नाही. चहाचा कप स्थिर.

उजवं मनगट अजून मुडपतं. मुलीला व्हिडिओ काढायला सांगितलाय, त्याचे वेगळे पैसे.

ता.क. उन्हात काठावर ठेवलेला ॲल्युमिनियमचा दांडा तव्यासारखा तापतो, पाण्यात बुडवूनच हातात घ्या. आणि भरलेला बोर्ड उन्हात सोडून पोहे खायला जाऊ नका, आतली हवा फुगते. माझा टणक झाला होता, थोडी हवा सोडावी लागली.

नकाणेकर | ६ एप्रिल, दुपारी १२.१०

वाचनखूण साठवली. नकाण्याच्या तलावावर असं कुणी दिसलं की आता आधी त्याची करंगळी बघणार.

स्वाती_अमळनेर | ६ एप्रिल, रात्री ९.०५

छान धागा, सगळा एका बैठकीत वाचला. माझ्याकडं भावाचं जुनं वल्हं आहे. त्यानं त्यावर कापडी टेप गुंडाळली होती, ती काढली तर खाली सगळा गोंद राहिलाय. हाताला चिकटतो, त्यावर धूळ बसून काळा थर झालाय. खरवडला तर दांड्यावर ओरखडे येतायत. रॉकेल लावू का?

मालवणी_लाट | ६ एप्रिल, रात्री ९.२२

रॉकेल नको ताई, वास महिनाभर जात नाही. खोबरेल तेल लावा, अर्धा तास मुरू द्या, जुन्या फडक्यानं चोळा. गोंद गोळ्या-गोळ्या होऊन निघतो.

वाघूरकाठी | ६ एप्रिल, रात्री ९.२४

दांड्याला तेल?!

मालवणी_लाट | ६ एप्रिल, रात्री ९.२५

मग भांड्यांच्या साबणानं धुवायचं. दोनदा. तुम्ही असाल तर तीनदा.